बाहेर टांगलेली चावी

१

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी प्रयोगशाळेच्या शेवटच्या खोलीत धाडकन आवाज झाला आणि अक्काचा डावा हात दोन चुंबकांच्या मध्ये अडकला. ओरडली वगैरे नाही ती. आधी उजव्या हाताने तिने बाकाची कड धरली, मग डाव्या हाताची बोटं हलवून पाहिली. तीन हलली. उरलेल्या दोनांचं काय झालं ते तिला कळेना.

अक्का म्हणजे तिथली देखभालीची मुख्य तंत्रज्ञ. वय चोपन्न, आवाज खणखणीत, हात पक्का. यंत्र रुसलं की अक्का, नळ गळला की अक्का, कपाटाचं कुलूप बसलं की अक्का. वयाने मोठी माणसंसुद्धा तिला अक्काच म्हणायची, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

आता त्या चुंबकांचं सांगायला हवं. विटेएवढे दोन. यंत्राच्या पोटात ही जोडी असते आणि तिच्यावर लोखंडाची बारीक धूळ बसली की यंत्र भलतेच आकडे दाखवायला लागतं. म्हणून दर सहा महिन्यांनी जोडी बाहेर काढून, वेगळी करून पुसायची. ओढून ती सुटत नाही. दहा माणसं लावा, नाही सुटत. तिला बाजूला सरकवत सोडवावं लागतं. त्यासाठी खास लाकडी बाक होता. एक चुंबक बाकावर घट्ट बसवलेला, दुसरा सरकत्या ट्रेमध्ये. लांब पितळी स्क्रू फिरवला की तो ट्रेला ढकलत दूर नेई. ट्रे हातभर लांब गेला की त्याच्यापुढे बाकाच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकायची, म्हणजे तो परत धावत येत नाही. मग स्क्रू मागे घ्यायचा, मध्ये एक फळी उभी करायची आणि चिकटपट्टीने धूळ टिपून काढायची.

आज ती खुंटी मोडली. ट्रे आला. फळी तिरकी होऊन मध्येच अडकली म्हणून हात राहिला, आणि जाड चामड्याचा मोजा होता म्हणून कातडं राहिलं. पण फळी आता एका कडेवर सगळा भार घेऊन उभी होती आणि अधूनमधून बारीक करकरत होती. ती गेली की हातही गेला, हे अक्काला कुणी सांगायची गरज नव्हती.

आवाज ऐकून तिघं धावत आली. कपाळाला घाम आलेले साहेब, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. धापा टाकणारा भांडारी. आणि दोन वर्षांपासून इथे प्रबंध लिहीत असलेली मुलगी, जिला सगळे थिसिसवाली म्हणत. अक्काने तिघांनाही दारातच थांबवलं. घड्याळ, किल्ल्या, फोन, जे काही लोखंडाचं असेल ते बाहेरच्या लाकडी तबकात ठेवा आणि मग आत या, असं तिने बजावलं. हात अडकलेला असतानाही नियम तो नियम.

"घाबरू नका," ती म्हणाली. "बाहेर हुकाला चावी टांगली आहे. ती आणा, स्क्रूला लावा, उजवीकडे फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे."

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. हातभर लांब पितळी दांडी, डोक्याला आडवी मूठ. स्क्रूचं तोंड बाकात खोलवर होतं आणि या चावीशिवाय दुसरं काही तिथवर पोचत नव्हतं. नियम असा की हात आत जाणार असेल तर चावी खोलीबाहेर, दाराजवळच्या हुकावर. म्हणजे आतल्या माणसाचा हात चुंबकाजवळ असताना कुणी चुकूनसुद्धा स्क्रू फिरवू नये.

थिसिसवाली धावत बाहेर गेली आणि तितक्याच धावत परत आली.

"अक्का," ती म्हणाली, "हुकावर चावी नाहीये."

२

चावी अक्काने स्वतः टांगली होती, दहा तेहतीसला. हुकाच्या बरोबर वर भिंतीवरचं घड्याळ होतं आणि टांगताना त्यावर नजर जायचीच.

थिसिसवाली म्हणाली, मोठी पकड घेऊन येते, तिने फिरवून बघू. अक्काने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. लोखंडाची पकड या जोडीजवळ आणली तर ती हातातून निसटून थेट चुंबकावर आदळेल, आणि मध्ये अक्काचं मनगट आहे. भांडाऱ्याने अग्निशमन दलाला फोन केल्याचं सांगितलं. ते सव्वाअकरापर्यंत पोचतो म्हणाले होते. ती माणसं भली, पण त्यांच्या हातात काय असणार? पहारी, कटावण्या, लोखंडी जॅक. सोडवायला येणारेच हात तोडून जायचे.

"त्यांना दाराबाहेर थांबवा," ती म्हणाली. "आणि ते यायच्या आत चावी शोधा. चावीला काही पाय फुटलेले नाहीत."

या बोळात एकूण चार खोल्या. शेवटची ही, मग साहेबांची, मग चर्चागृह, मग भांडार. पलीकडच्या टोकाला रखवालदार बसलेला. दहा वाजल्यापासून कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, असं त्याने तिथूनच ओरडून सांगितलं. तेव्हा चावी नेणारं माणूस या तिघांपैकीच होतं. तिघांनाही हे कळलं, आणि तिघंही एकदम एकमेकांकडे बघायचं टाळायला लागली.

अक्काला मात्र डोकं चालवावंच लागणार होतं, कारण चालवण्याजोगं तेवढंच उरलं होतं. तिने हुकूम सोडला. दोघांनी जोडीने सगळ्या खोल्या धुंडाळायच्या, एकाने तिच्यापाशी थांबायचं. कुणीही, अगदी साहेबांनीसुद्धा, एक क्षणभरही एकटं फिरायचं नाही. खिशात मावणारी वस्तू नव्हे ती; कुठे ठेवली असेल तर सापडेलच.

साहेबांनी मान डोलावली. काखेत नकाशांची पुठ्ठ्याची नळी होती, ती त्यांनी सरळ केली. बारा वाजता तपासनीस पाहुणे येणार होते. ही प्रयोगशाळा पुढे चालू ठेवायची की टाळं लावायचं, ते त्यांच्या हातात होतं, आणि त्यांना दाखवायचे नकाशे साहेब सकाळपासून उराशी धरून हिंडत होते. पाणी ओतताना त्यांनी नळी स्टुलावर उभी केली, ती धप्पकन टेकली. थिसिसवालीने धरायला हात पुढे केला तर म्हणाले, राहू दे, हलकीच आहे.

साहेबांनी स्वतःच्या हाताने अक्काला पाणी पाजलं. तेवढं तर ते करणारच, कारण साहेब म्हणजे अक्काच्या धाकट्या बहिणीचा नवरा. इमारतीत साहेब, घरी मेहुणे. दोघं एकाच वर्षी इथे लागले, एकाच म्हाताऱ्या मेस्त्रींच्या हाताखाली शिकले, आणि लग्नही अक्कानेच जमवलेलं. पुढे ते खुर्चीत गेले, ही पान्याजवळ राहिली. त्याबद्दल तिने कधी तोंडातून शब्द काढला नव्हता.

सात-आठ मिनिटांत चारही खोल्या पालथ्या घालून झाल्या. कपाटांच्या वर, टेबलांच्या खाली, पंख्याच्या खोक्यात, सगळीकडे. चावी नाही. फळीने पुन्हा एकदा करकर केली, आणि या वेळी ती चौघांनीही ऐकली.

३

पहिली पाळी भांडाऱ्याची. म्हणजे अक्काने त्याला जवळ बसवून घेतलं आणि बाकीच्या दोघांना पुन्हा एकदा भांडार बघायला धाडलं. भांडारी गडी बोलघेवडा. खिळा मागायला जावं आणि खिळ्याचा इतिहास ऐकून यावं, असा त्याचा लौकिक. आज मात्र तो नुसता मोडक्या खुंटीकडे बघत होता. त्याला वाटत होतं की खुंटी त्याच्या भांडारातली, ती मोडली, म्हणजे सगळं त्याच्यावरच शेकणार.

अक्काने उजव्या हाताने बाकावरचा मोडका तुकडा उचलला आणि त्याला दाखवला. तिच्या बोटांना काळं लागलं. खुंटी बाहेरून काळीभोर होती, पण मोडलेल्या जागी पांढरीफटक.

भांडाऱ्याने तो हातात घेतला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. ही माझी नव्हेच, तो म्हणाला. आमची खुंटी शिसवी, आतबाहेर सारखीच काळी, दगडासारखी. हे काहीतरी भुसभुशीत लाकूड आहे, कशाने तरी रंगवलेलं. कुणी मागितली असती तर त्याने दिली असती. डबाभर पडून होत्या. पण गेल्या कित्येक दिवसांत कुणी मागितलीच नाही.

"भांडार बंद कधी असतं?" अक्काने विचारलं.

"रविवारी. आणि आताशा साहेब म्हणतात की रोजच." हे बोलताना मात्र तो जरा सैल झाला. साहेब म्हणे काल दहा मिनिटं उशीर झाला म्हणून तापले, आज पुन्हा तापले. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे तो वेळेवर होता. पण साहेबांच्या मनगटावरच्या, वडिलांनी दिलेल्या चावीच्या घड्याळापुढे भिंतीच्या घड्याळाला विचारतो कोण? सूर्य चुकेल पण ते घड्याळ चुकणार नाही, असं सगळे म्हणायचे.

अक्काने ते ऐकून घेतलं आणि चावीचं विचारलं. भांडाऱ्याने ती पाहिली होती. दहा पस्तीसला तो बोळातून गेला तेव्हा चावी हुकावर होती. चावी बाहेर, म्हणजे अक्काचा हात आत, असं मनात येऊन तो चवड्यांवर चालत गेला होता. दणका नको बसायला, म्हणाला.

मग त्याने डोळे पुसले. अक्का, मी नेली नाही हो, एवढंच तो दोनदा म्हणाला.

अक्काने त्याला जायला सांगितलं. तिची करंगळी आता थंड पडली होती, आणि तुकड्याला नाक लावल्यावर एक ओळखीचा वास येत होता. बुटाच्या पॉलिशचा.

४

थिसिसवाली आली ती रडतच आली. तिला वाटत होतं की संशय तिच्यावरच आहे, कारण ती सगळ्यात नवी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण भित्र्याच्या मनातही तेच असतं, हे अक्काला ठाऊक होतं. म्हणून तिने आधी तिच्या कामाचं विचारलं.

पाहुण्यांपुढे थिसिसवालीला वीस मिनिटं बोलायचं होतं. काल चर्चागृहात तिने सराव केला, आणि तोही धड झाला नाही. फळ्यावर दाखवायची छडी आखूड झाली होती. आदल्या आठवड्यात तीच छडी आकृतीच्या वरच्या टोकापर्यंत सहज जात होती. काल टाचा उंचावाव्या लागल्या, आणि सराव बघायला बसलेल्या साहेबांनी त्यावरही तिला बोल लावले.

"किती आखूड?" अक्काने विचारलं.

मुलीने अंगठा आणि करंगळी ताणून वीतभर दाखवलं. अक्काने बाकावरच्या खुंटीकडे पाहिलं. मोडलेले दोन्ही तुकडे जोडले तर साधारण तेवढीच भरत होती. छडीच्याच जाडीची. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"आणि चावी?"

मुलीने मान खाली घातली. दहा अडतीसला ती अक्काला भेटायला आली होती. छडीचंच सांगायला, जोडून मिळेल का ते विचारायला. तेव्हा हुक रिकामा होता. हुक रिकामा म्हणजे अक्काचा हात बाहेर, आता दार उघडायला हरकत नाही, असं समजून तिने कडीला हातही लावला होता. मग धीर झाला नाही, परत फिरली. तिच्या पाठीमागेच तो आवाज झाला. आपण दार हलवलं म्हणून तर खुंटी मोडली नसेल ना, हाच विचार तिला खात होता.

"नाही ग पोरी," अक्का म्हणाली. "तू डोळे पूस."

म्हणजे चावी दहा पस्तीस ते दहा अडतीसच्या मध्ये गेली. खुंटी मोडली दहा चाळीसला. चावी नेणाऱ्याला अपघाताचा पत्ताही नव्हता. अक्काने डोळे मिटले. हाताला कळ लागून गेली की डोकं लख्ख चालतं, हे तिला आज नव्यानेच कळत होतं.

तेवढ्यात साहेब भांडाऱ्यासह दारात आले. बाहेरच्या तबकातल्या आपल्या घड्याळाकडे बघून, अकरा वाजून दहा झाले, ते म्हणाले, पाहुण्यांना पन्नासच मिनिटं आहेत. थिसिसवाली गोंधळली. तिने दारातूनच बोळातल्या भिंतीकडे पाहिलं.

"नाही सर," ती हळूच म्हणाली. "अकराला पाच कमी आहेत."

साहेबांनी पुन्हा तबकाकडे पाहिलं. अक्काला जे कळू नये असं वाटत होतं, ते दोन घड्याळांमधल्या त्या पंधरा मिनिटांत सगळं कळून गेलं.

५

तिने थिसिसवालीला सांगितलं की भांडाऱ्याला घेऊन रखवालदारापाशी जा. दोघं मिळून अग्निशमनवाल्यांना वाटेत अडवा, लोखंडाचा एक कण आत येता कामा नये. पावलं लांब जाईपर्यंत ती थांबली. मग स्टुलाकडे बोट केलं. साहेब बसले, नळी दोन्ही गुडघ्यांत उभी धरून.

बहिणीचा चेहरा अक्काच्या डोळ्यांपुढून हलेना. संध्याकाळी घरी जाऊन तिला काय सांगायचं? तुझ्या नवऱ्याने माझा हात अडकवला? आणि नाही सांगायचं, तर या हाताचं काय? बोलावं तर घर मोडतं, गप्प राहावं तर बोटं जातात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"साहेब, तुमचं घड्याळ पुढे जातंय," ती म्हणाली.

ते म्हणाले, असेल, जुनं झालंय.

"जुनं झालेलं घड्याळ मागे पडतं. चुंबकाजवळ गेलेलं पुढे पळतं. आतली बारीक स्प्रिंग स्वतःलाच चिकटते. आपल्याला मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं." तिने जरा दम घेतला. "सोमवारपासून पळतंय ते. म्हणजे शनिवारनंतर कधीतरी तुम्ही या खोलीत आलात, जोडी उघडलीत, आणि घड्याळ तबकात काढून ठेवायला विसरलात. बरोबर कुणी असतं तर आठवण केली असती. एकटेच होता."

साहेब नळीच्या झाकणाशी बोटं चाळवत बसले.

मग अक्काने सगळं ओळीने मांडलं, आवाज न चढवता. रविवारी भांडार बंद. जोडी उघडताना शिसवी खुंटी मोडली असेल किंवा फुटली असेल. दुसरी मागायची तर भांडाऱ्याला कळणार. चर्चागृहाची किल्ली साहेबांकडे, छडी तिथे. वीतभर कापली, बुटाच्या पॉलिशने काळी केली, बसवून दिली. थिसिसवालीने कापली असती तर छडी आखूड झाली म्हणून तक्रार घेऊन आली नसती. भांडाऱ्याला कापायची गरजच नव्हती, त्याच्याकडे डबाभर खुंट्या.

"आणि चावी?" साहेबांनी विचारलं.

चावीनेच तर खात्री पटली, अक्का म्हणाली. भांडाऱ्याने चावी हुकावर पाहिली आणि तो चवड्यांवर चालत गेला. मुलीने हुक रिकामा पाहिला आणि दार उघडायला धजली. म्हणजे दोघांच्याही मते चावी बाहेर आली की त्याच क्षणी हात आत. हात आत असताना चावी पळवायची म्हणजे जीवच घ्यायचा, आणि एवढं माझं वैर करणारं इथे कुणी नाही. तेव्हा चावी नेणाऱ्याला ठाम वाटत होतं की माझा हात अजून आत गेलेला नाही. असं कुणाला वाटेल?

ती थांबली. मेस्त्रींची एक रीत होती, ती बाकीच्यांना ठाऊक नव्हती, कारण ती बंद दाराआड चालायची. चावी बाहेर टांगायची, दार लावायचं आणि स्टुलावर दहा मिनिटं नुसतं बसायचं. लाकूड ऐकायचं. कच्ची खुंटी असेल तर दहा मिनिटांत ती बोलते, करकरते. मग उठायचं, हुकावर चावी आहे ना ते पुन्हा बघायचं आणि मगच हात घालायचा. मेस्त्रींची स्वतःची दोन बोटं न ऐकल्यामुळे गेली होती, म्हणून ते शिष्यांना कान धरून बसवत. शिष्य दोनच. एक आता स्टुलावर बसला होता आणि दुसरीचा हात बाकात होता.

"तुम्हाला वाटलं, अक्का दहा मिनिटं बसली असेल. उठून हुक बघेल आणि चावी नसली की नियमाप्रमाणे काम बंद, खोलीला कुलूप. संध्याकाळी गुपचूप खुंटी बदलता येईल. बरोबर ना?"

साहेबांनी मान हलवली. मग एकदम बांध फुटल्यासारखे बोलायला लागले. यंत्राचे आकडे डळमळत होते. पाहुण्यांना पाठवलेल्या कागदावर मात्र त्यांनी आधीच सही केली होती, की गेल्या सफाईनंतर यंत्र उघडलेलं नाही, सगळं ठीक आहे. अक्काला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, खोटी सही का केलीत? आणि एक कारण आणखी होतं, ते सांगताना त्यांना फार लाज वाटली. त्यांना बघायचं होतं, खुर्चीत बसून आपला हात विसरलाय की अजून चालतो. सफाई बुधवारची होती. मंगळवारी संध्याकाळी खुंटी बदलायचं त्यांनी ठरवलं होतं. आज सकाळी हुकाला चावी दिसली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

"तुम्ही आजच का काढलीत सफाई, अक्का? आणि बसला का नाहीत?"

हाच प्रश्न अक्काला नको होता. पाहुण्यांसमोर मेहुण्यांची मान खाली जाऊ नये म्हणून तिने सफाई एक दिवस आधी घेतली होती. आणि बारापर्यंत जोडी परत बसवायची म्हणून तीस वर्षांत पहिल्यांदाच ती दहा मिनिटं बसली नव्हती. तिने ते सांगितलं. माझीही चूक तेवढीच आहे, म्हणाली.

फळी करकरली. एक ढलपी सुटून खाली पडली आणि मोज्यावरचा दाब एकदम वाढला. अक्काच्या तोंडून पहिल्यांदाच आवाज निघाला.

साहेब उभे राहिले. "मला द्यायची होती," ते म्हणाले. "आवाज झाला तेव्हापासून द्यायची होती. कुठेतरी ठेवून सापडली म्हणणार होतो. पण तुम्ही एकटं सोडलंच नाही कुणाला."

ते खरं होतं. इकडे आड तिकडे विहीर, आणि काठावर पहारा अक्कानेच बसवलेला. एकाच हुकमाने तिने त्यांना आणि स्वतःला अडकवून ठेवलं होतं. चारही खोल्या धुंडाळल्या गेल्या. तेवढ्या वेळात एकच वस्तू कुणी उघडून पाहिली नव्हती, साहेबांची नळी. नकाशे कधी धप्पकन टेकत नाहीत. आणि पितळेवर चुंबक चालत नाही, म्हणून तर चावी त्यांच्या गुडघ्यांमधल्या नळीत इतका वेळ निमूट बसली. लोखंडाची असती तर नळी फाडून कधीच चुगली केली असती.

"मेहुणे," अक्का म्हणाली. या इमारतीत तिने त्यांना या नावाने कधी हाक मारली नव्हती. "झाकण काढा."

६

चावी नकाशांच्या सुरळीत निघाली. साहेब ती घाईघाईने दाबत होते आणि ती स्क्रूच्या तोंडात बसेना. अक्काने त्यांना मेस्त्रींच्या आवाजात दटावलं, ओढायचं नाही, सरकवायचं, सावकाश. मग बसली. उजवीकडे एक फेरा, दोन फेरे. ट्रे तसूभर हलला. फळी सैल झाली तसे ते थांबले. अक्काच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी भिंतीजवळची नवी जाड फळी मध्ये घातली आणि मगच पुढचा फेरा घेतला. चौदाव्या फेऱ्याला हात मोकळा झाला.

मोजा कापूनच काढावा लागला. अंगठा आणि दोन बोटं ठणकत का होईना वळत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट निळं पडलं होतं आणि सरळ होत नव्हतं. साहेबांनी ते पाहिलं आणि तोंड ओंजळीत झाकून घेतलं. अक्कालाही रडू आलं, आणि तिने ते आवरलं नाही.

बाहेर गाडीचा भोंगा ऐकू आला. भांडाऱ्याचा चढा आवाज आला, लोखंड आत नाही न्यायचं म्हणून तो कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

"आता तुम्ही त्यांना काय सांगणार?" साहेबांनी विचारलं.

"मी कशाला सांगू? माझ्या हाताला काय झालं ते डॉक्टर बघेल. खुंटीचं मला ठाऊक आहे, चावीचं ठाऊक आहे. विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण बहिणीला हे माझ्या तोंडून कळायला नको. तुमच्या तोंडून कळू दे."

ते उठायला लागले तशी तिने उजव्या हाताने त्यांची बाही धरली. आधी ट्रे बघा, म्हणाली, तो आता नुसत्या स्क्रूवर उभा आहे. त्यांनी भांडारातून शिसवी खुंटी मागवली, स्वतःच्या हाताने ठोकली, आणि चावी नेऊन हुकावर टांगली. पट्टी बांधायला आलेल्या माणसाला अक्काने एकट्यालाच आत बोलावलं, लाकडी तबक दाखवून. मग साहेब परत आले आणि तिने सरकून अर्धं स्टूल मोकळं केलं.

दहा मिनिटं दोघं तशीच बसून राहिली. लाकडाने आवाज केला नाही. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे अकरा वाजून बावीस मिनिटांनी साहेब उठले, तबकातलं घड्याळ तसंच सोडून बोळात गेले. तिथे भांडारी, थिसिसवाली आणि अग्निशमनवाले उभे होते, आणि त्यांच्या मागे वेळेआधी पोचलेले दोन पाहुणे.

आतून अक्काला त्यांचे शब्द स्पष्ट ऐकू आले. "यंत्र रविवारी उघडलं होतं," ते म्हणाले. "मी उघडलं. खुंटी मी बदलली, छडी मी कापली, आणि चावीही मीच नेली. कागदावरची सही खोटी आहे. पाहणी नंतर करू. आधी माझ्या मेहुणीला दवाखान्यात नेतो."

थोड्या वेळाने भांडाऱ्याची पावलं आली. नेहमीसारखी, टाचा आपटत. हुकावरची चावी दिसताच तो चवड्यांवर आला, मग त्याने अक्काच्या हाताकडे पाहिलं.

"हात बाहेर आलाय, भांडारी," अक्का म्हणाली. "आता चाललास तरी चालेल."